शंभर टक्के जुळणारी सही

दिवाळीत धुळ्याहून भाचा आला तो एक कार्ड घेऊनच. प्लास्टिकच्या पाकिटात एका फलंदाजाचं चकचकीत कार्ड, त्यावर काळ्या मार्करने सही, आणि सोबत होलोग्राम चिकटवलेलं प्रमाणपत्र: 'सदर सही मूळ नमुन्याशी शंभर टक्के जुळते.' खाली तो नमुनाही छापलेला. साठवलेले साडेतीन हजार रुपये मोडून त्याने हे ऑनलाइन मागवलं होतं. "मामा, हाई सही खरी शे ना?" त्या 'शंभर टक्के'नेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

खरी सही म्हणजे नमुन्याशी हुबेहूब जुळणारी सही, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. प्रत्यक्षात एकाच माणसाच्या दोन सह्या तंतोतंत सारख्या येत नाहीत. कुठे लांबी बदलते, कुठे कल, कुठे शेवटचा फराटा. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर केसाचाही फरक दिसला नाही, तर त्यातली एक गिरवलेली, छापलेली किंवा ऑटोपेन नावाच्या यंत्राने काढलेली असणार.

असं का होतं, हा या विषयातला मला सर्वात आवडणारा भाग. सही आपण बघत बघत काढत नाही. डोळ्यांना दिसलेली चूक मेंदूने ओळखून दुरुस्तीचा हुकूम हाताच्या स्नायूंपर्यंत पोचायला साधारण ०.१ ते ०.२ सेकंद लागतात. सरावाच्या सहीतला एकेक फटकारा ०.१ सेकंदाच्या आसपास उरकतो. म्हणजे चूक लक्षात येईपर्यंत हात पुढे गेलेला असतो. त्यामुळे मेंदूला सगळा हुकूम आधीच तयार ठेवावा लागतो: कोणता स्नायू, कोणत्या क्रमाने, किती जोराने. याला मोटर प्रोग्रॅम म्हणतात, आणि तो घडवण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. गंमत म्हणजे हा हुकूम बोटांपुरता नसतो. चेकवर आपण बोटांनी सही करतो, फळ्यावर खांद्यापासून हात फिरवून. स्नायू वेगळे, तरी सही आपलीच दिसते. मात्र स्नायू म्हणजे यंत्र नव्हे. तोच हुकूम दर वेळी थोडा वेगळा पाळला जातो, म्हणून दोन सह्यांत फरक पडतो.

खापरावरचे मांडे करणारी बाई आठवा. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर झेलत, फिरवत वाढवत नेते आणि अलगद पालथ्या खापरावर टाकते. तेवढ्यात शेजारणीशी बोलणंही चालू असतं. नवखी मुलगी हातांकडे बघत, थांबत थांबत तेच करायला जाते आणि मांडा फाटतो. नकली सही करणाऱ्याचं असंच होतं. तो घडीघडी नमुन्याकडे बघतो, वळण सुधारतो, पुन्हा बघतो. ती प्रत्येक सुधारणा रेषेत बारीक थरथर होऊन उतरते. खऱ्या सहीत पेन कागदाला टेकण्याआधीच धावत असतं आणि उचलतानाही धावतच असतं, म्हणून रेषेची टोकं निमुळती होतात. नकलेत ती बोथट राहतात.

जळगावच्या सराफ बाजारातल्या मित्राकडून दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं. कार्डावरचं चित्र भिंगाखाली रंगीत ठिपक्यांत फुटलं, सहीची रेषा फुटली नाही. म्हणजे ती छापलेली नव्हती. (पुष्कळ कार्डांवर सही कंपनीनेच छापलेली असते, ती फसवणूक नव्हे.) पण मार्कर जिथे थबकतो तिथे शाई साचते, आणि इथे अक्षराच्या ऐन मध्यात तीन ठिकाणी गडद ठिपके होते. टोकं बोथट. थरथर वयाने, आजाराने किंवा चालत्या बसमध्ये सही केल्यानेही येते. एवढ्यावर निकाल देता येत नाही. मग कार्डावरची सही आणि प्रमाणपत्रावरचा नमुना, दोन्हींचे फोटो मोबाईलवर एका आकारात आणून एकमेकांवर ठेवले. रेघ न् रेघ जुळली.

अशा जुळणीचं गणित अमेरिकेत १८६८च्या हाउलंड मृत्युपत्राच्या खटल्यात मांडलं गेलं. सिल्विया हाउलंड या बाईंच्या मृत्युपत्राला जोडलेल्या पानावरची सही खरी की गिरवलेली, हा वाद होता. चार्ल्स पर्स यांनी त्या बाईंच्या ४२ अस्सल सह्या घेतल्या. प्रत्येक सही उरलेल्या प्रत्येक सहीवर ठेवली तर ८६१ जोड्या होतात. सहीत वरून खाली येणाऱ्या रेघा ३०. जोडीगणिक सरासरी दर पाचांतली एक जुळली. वादातली सही मात्र मृत्युपत्रावरच्या खऱ्या सहीशी तिसांच्या तिसांत जुळत होती. त्यांचे वडील, गणितज्ञ बेंजामिन पर्स यांनी त्यावरून अशी जुळणी योगायोगाने होण्याची शक्यता काढली. एक पंचमांश स्वतःशी तीस वेळा गुणा. छेदात नवावर वीस शून्यं येतील. या हिशेबात एक कच्चा दुवा आहे. रेघा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं त्यात धरलंय, पण एक जुळली की शेजारची जुळण्याचा संभव वाढतो. आकडा त्यामुळे खूप खाली येईल. कोर्टाने निकाल वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर दिला.

सहीवरून स्वभाव सांगणारे, 'सहीखाली रेघ मारा, नशीब फळफळेल' म्हणणारे लोक याच अभ्यासाचं नाव घेऊन पैसे उकळतात. त्यांच्या दाव्यांना चाचण्यांत आधार मिळालेला नाही. रेषेवरून हात कसा चालला ते कळतं, भविष्य नाही. प्रमाणपत्राचंही फार कौतुक नको. १९९०च्या दशकात एफबीआयने अमेरिकेत बनावट सह्यांची टोळी पकडली, तिच्या मालासोबतही प्रमाणपत्रं असायची. त्या मालात मदर तेरेसांच्या 'सही'चे बेसबॉलही होते!

कधी शाईच बोलते. रणजितसिंहजी १९३३ साली वारले आणि लास्लो बिरो यांनी बॉलपेनचं पेटंट घेतलं १९३८ साली. त्यामुळे रणजींच्या कार्डावर बॉलपेनची सही दिसली, तर भिंगही लागत नाही.

भाचा हिरमुसला. त्याला वही दिली आणि म्हटलं, आधी तुझी सही वीस वेळा कर. खिडकीच्या काचेवर धरून आम्ही त्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. एकही जोडी जुळली नाही. मग त्याने कार्डावरची सही गिरवली, मी मोबाईलवर वेळ मोजली. स्वतःची सही दीड सेकंदात, ही अकरा सेकंदांत. त्याने भिंग घेतलं, आपण गिरवलेल्या रेषेवर धरलं आणि वळणावरचे ठिपके मोजायला लागला.