वसई-विरार शहर महानगरपालिका

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील महानगरपालिका. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे एकत्र करून 3 जुलै 2009 रोजी तिची स्थापना झाली. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा 2014 मध्ये वेगळा झाला. मुख्यालय विरार येथे आहे.

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर असा हा प्रदेश. प्राचीन शूर्पारक बंदर म्हणजे आजचे सोपारा. तेथे अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष मिळाले. वसईचा किल्ला 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकला. आजची वस्ती मात्र पश्चिम रेल्वेने घडवली. मुंबईत घर न परवडणारा नोकरदार आधी नालासोपारा-विरारला आला आणि पाणी, गटारे, रस्ते त्याच्या मागून आले, तेही अपुरे. चार नगरपरिषदांच्या हद्दी एकमेकींना भिडल्या होत्या. पाणी आणि सांडपाणी या हद्दी पाळत नाहीत, त्यामुळे एकच पालिका हवी, ही मागणी रास्तच होती. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती.

वाद झाला तो गावांवरून. रेल्वेच्या पश्चिमेचा पट्टा बागायती आहे. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला ही इथली पिके असून राजेळी केळ्यांची सुकेळी इथलीच. येथील वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती व इतर समाजांना ग्रामपंचायत जाऊन महापालिका येणे म्हणजे वाढीव घरपट्टी आणि वाडीवर बिल्डरची नजर, असे वाटले. ही भीती निराधार नव्हती. हरित पट्टा वाचवण्याची चळवळ येथे महापालिकेच्या आधीपासून उभी होती. गावे वगळण्याच्या आंदोलनाचे नेते विवेक पंडित 2009 मध्येच वसईतून आमदार झाले. शासनाने 2011 मध्ये 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला, पण प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि गावे महापालिकेतच राहिली. 2024 मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. गावकऱ्यांना उत्तर मिळायला इतकी वर्षे लागावीत, ही या विलीनीकरणाची सर्वांत दुबळी बाजू होय.

पहिली निवडणूक 2010 मध्ये झाली. बहुजन विकास आघाडीचे राजीव पाटील पहिले महापौर झाले. 2015 मध्ये सदस्यसंख्या 115 होती. 2020 मध्ये मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. कामकाज नऊ प्रभाग समित्यांमार्फत चालते.

पाणी मुख्यतः सूर्या नदीवरील धामणी धरणातून येते. पेल्हार आणि उसगाव हे जुने, छोटे स्रोत. पावसाळ्यात सखल भाग तुंबतो. जुलै 2018 मध्ये वसईच्या मिठागरांतील वस्तीचा संपर्क तुटला होता. पाणी मुरवणारी शेते व पाणथळ जागा भरावाखाली गेल्याने हे संकट वाढले आहे.