पेशीकेंद्रक

दृश्यकेंद्रकी (म्हणजे वनस्पती, प्राणी, बुरशी यांच्या) पेशीतील दुहेरी पटलाने वेढलेले, आनुवंशिक द्रव्य सांभाळणारे अंगक. जीवाणूंमध्ये ते नसते. त्यांचा डीएनए पेशीद्रव्यातच असतो. केंद्रकाला नाव दिले स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी, १८३१ मध्ये, ऑर्किडच्या पेशी तपासताना. शाळेत कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शीखाली पाहिला की प्रत्येक पेशीत दिसणारा गडद ठिपका हाच. तो बहुधा कडेला सरकलेला असतो, कारण मधली सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते.

मानवी पेशीतील डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि केंद्रकाचा व्यास जेमतेम ५ ते १० मायक्रोमीटर. हे जमते ते हिस्टोन प्रथिनांमुळे. आठ हिस्टोनांच्या प्रत्येक गटाभोवती डीएनएचा सुमारे १४७ बेसजोड्यांचा (डीएनएच्या शिडीतील पायऱ्यांचा) तुकडा गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी सैल, तिथली जनुके वाचली जातात. घट्ट भागातली बहुतेक गप्प असतात. सुटी सुटी गुणसूत्रे दिसतात ती पेशीविभाजनाच्या वेळीच. केंद्रकातल्या केंद्रकी या दाट भागाला स्वतःचे पटल नसते. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचे घटक तिथे तयार होतात.

केंद्रकाचे बाहेरचे पटल आंतर्द्रव्यजालिकेशी (पेशीद्रव्यातल्या पटलांच्या जाळ्याशी) सलग असते, तर आतल्या पटलाला लॅमिन प्रथिनांच्या जाळीचा आधार असतो. लॅमिन-ए च्या जनुकातील बिघाडाने प्रोजेरिया हा बालपणीच वार्धक्याची लक्षणे आणणारा दुर्मीळ विकार होतो. पटलावरील छिद्रांतून लहान रेणू सहज ये-जा करतात. मोठ्या प्रथिनांना मात्र आत शिरायला अमिनो आम्लांची ठरावीक खूण लागते. या अडसराचा फायदा मोठा आहे. जनुकाची आरएनए प्रत आतच काटछाट होऊन तयार होते आणि मगच प्रथिननिर्मितीसाठी बाहेर पडते. जीवाणूंत प्रत पुरी होण्याआधीच रायबोसोम तिच्यावर कामाला लागतात.

पाठ्यपुस्तकांत केंद्रकाला ‘पेशीचा मेंदू’ म्हणतात. उपमा सोयीची आहे, पण फार ताणू नये. ॲसिटाब्युलॅरिया हे काही सेंटिमीटर वाढणारे एकपेशीय समुद्री शैवाल. त्याचे केंद्रक तळाशी, मुळासारख्या भागात असते. जर्मन जीवशास्त्रज्ञ योआखिम हॅमरलिंग यांनी १९३० च्या दशकात त्याचा देठ तळापासून तोडला, तर केंद्रक नसतानाही देठाला वर छत्री फुटली. मग एका जातीचा देठ दुसऱ्या जातीच्या तळावर जोडला. पहिली छत्री अनेकदा दोहोंच्या मधल्या रूपाची आली. ती छाटल्यावर उगवलेली मात्र तळाच्या, म्हणजे केंद्रकाच्या, जातीची निघाली. केंद्रकाने आधी पाठवलेले आरएनए देठात साठून राहतात, हे पुढे स्पष्ट झाले.

माणसाच्या तांबड्या रक्तपेशी परिपक्व होताना केंद्रक टाकून देतात आणि तरीही सुमारे १२० दिवस काम करतात. त्यांना विभाजन किंवा नवी प्रथिने बनवणे मात्र जमत नाही. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक शेवटपर्यंत असते.