जहाजावरची नर्स: धर्मादाय हॉस्पिटल शिप वेगळं, क्रूझ वेगळी

‘जहाजावर नर्स पाहिजे, दोन वर्षांचा अनुभव’ एवढाच मजकूर मिरजेतल्या एखाद्या नर्सिंग बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि तासाभरात वीस सिस्टर्स ‘डिटेल्स पाठवा’ म्हणतात. डिटेल्स मागण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: जहाज धक्क्याला बांधलेलं असतं की चालू असतं? बांधलेलं असेल तर बहुधा ते धर्मादाय हॉस्पिटल शिप. तिथे पगार नाही, उलट स्वतःचे पैसे घालून जायचं. चालू असेल तर ती क्रूझ. तिथे पगार आहे, करार आहे, आणि पेशंट म्हणजे सहलीला आलेले प्रवासी व जहाजाचे कामगार. दोन्हीकडे पांढरा जिना, केबिन आणि लाईफ जॅकेट सारखंच दिसतं. काम मात्र सिव्हिलचा सर्जिकल वॉर्ड आणि कॅज्युअल्टी यांच्यात फरक असतो तितकं वेगळं.

साताऱ्याकडे आणखी एक गल्लत होते. अपशिंग्यासारखी फौजी गावं असलेल्या जिल्ह्यात ‘हॉस्पिटल शिप’ म्हटलं की नौदल आठवणं साहजिक आहे. अमेरिकन नौदलाची मर्सी आणि कम्फर्ट ही जहाजं खरोखर हजार-हजार खाटांची आहेत, पण ती लष्करी आहेत. तिथे तुम्ही-आम्ही अर्ज करत नाही. नाव सारखं असल्यामुळे गोंधळ वाढतो, कारण धर्मादाय जहाजं चालवणाऱ्या सर्वात मोठ्या संस्थेचं नाव मर्सी शिप्स.

ही संस्था 1978 मध्ये सुरू झाली, ख्रिस्ती श्रद्धेतून. 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या गावाला ही कल्पना परकी वाटू नये. आफ्रिका मर्सी हे त्यांचं जहाज मूळचं डेन्मार्कमधली रेल्वे वाहून नेणारी फेरीबोट. आतून बदलून त्यात पाच ओटी (ऑपरेशन थिएटर) बसवल्या आणि 2007 पासून ते रुग्णसेवेत आलं. ग्लोबल मर्सी मात्र पहिल्यापासून हॉस्पिटल म्हणूनच चीनमध्ये बांधलं. 174 मीटर लांब, सहा ओटी, दोनशेच्या आसपास खाटा. 2021 मध्ये ते संस्थेच्या ताब्यात आलं. जहाज आफ्रिकेतल्या एखाद्या बंदरात महिनोन्महिने उभं राहतं. ग्लोबल मर्सी 2023 मध्ये सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनला गेलं. म्हणजे समुद्र लागण्याची भीती असेल तर ती इथे फारशी नाही.

इथल्या शस्त्रक्रिया ठरवून केलेल्या असतात: दुभंगलेले ओठ, हर्निया, मोठाले गलगंड, भाजून आखडलेले हात-मान, वाकडे पाय, अडलेल्या बाळंतपणाने झालेला फिस्टुला (मूत्राशयाला पडलेलं भोक), मोतीबिंदू. पेशंट आधी किनाऱ्यावर तपासून निवडलेले असतात. खरं काम त्या तपासणीनंतर सुरू होतं. दुभंगलेल्या ओठाच्या बाळासाठी जुना ठोकताळा आहे: 10 आठवडे वय, 10 पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, 10 ग्रॅम हिमोग्लोबिन. दूध ओढता न आल्यामुळे बाळ पाच महिन्यांचं असूनही तीन किलोचं असू शकतं. मग ऑपरेशन बाजूला ठेवून कित्येक आठवडे फक्त आहार, आणि नर्सच्या हातात वजनाचा तक्ता.

वॉर्डमधले दोन प्रसंग नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या बऱ्याच नर्सेसना ते इतक्या मोठ्या प्रमाणात पाहायला मिळत नाहीत.

पहिला गलगंडाचा. ऑपरेशननंतर पहिल्या रात्री मानेत रक्त साचलं तर श्वासनलिका दबते. ड्रेसिंग कोरडं दिसतं म्हणून गाफील राहू नका. रक्त आत साचतं किंवा मानेमागे ओघळतं, म्हणून हात मानेखाली घालून बघायचं. पेशंट अस्वस्थ होतो, आडवं पडायला तयार नसतो, आवाज बदलतो, मान घट्ट लागते. ऑक्सिजनचा आकडा सर्वात शेवटी पडतो, त्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. म्हणून टाके किंवा क्लिपा काढायचं साहित्य खाटेच्या डोक्याशीच ठेवायचं, ट्रॉलीवर नाही. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरल्याची शंका घ्यायची.

दुसरा फिस्टुल्याचा. बाळाचं डोकं दिवसचे दिवस अडकलं की मूत्राशयाची भिंत हाडावर दाबून मरते आणि भोक पडतं. ते शिवल्यावर मूत्राशय रिकामं राहणं हाच सगळा उपचार. कॅथेटर तुंबलं, मूत्राशय फुगलं, की शिवण उसवते आणि त्या बाईची इतक्या वर्षांची वाट फुकट जाते. म्हणून पहिले दिवस तासातासाला पिशवी बघायची. पिशवीत लघवी थांबली आणि चादर ओली झाली, तर आधी नळी मांडीखाली मुडपली आहे का ते पाहा. नसेल तर गुठळी असेल, लगेच सर्जनला कळवायचं, आणि सांगितलं तरच थोड्या सलाईनने अगदी हलक्या हाताने मोकळं करायचं. लघवी पाण्यासारखी स्वच्छ दिसेल इतकं पाणी पाजत राहायचं. अवघड यातलं काहीच नाही. चुकतं ते पहाटे तीन ते पाचमध्ये.

पेशंटबरोबरचं माणूस खाटेखालीच गादी टाकून झोपतं. आपल्या सिव्हिलमध्ये सतरंजी टाकून झोपतात तसंच, फक्त इथे ते नियमात बसवलेलं आहे. रक्ताची मोठी पेढी जहाजावर नसते. रक्तगट तपासलेले कर्मचारी गरज पडली की बोलावले जातात, म्हणजे ड्युटीवरची सिस्टरच रक्त देऊन येऊ शकते. बोलणं दुभाष्यामार्फत. एका वेळी एकच छोटं वाक्य सांगा, आणि डिस्चार्जच्या सूचना पेशंटकडून परत म्हणवून घ्या. ‘समजलं का’ला जगात सगळीकडे ‘हो’च उत्तर येतं.

आता क्रूझ. शंभर किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघालेल्या जहाजावर डॉक्टर असणं सागरी कामगार करारानुसार बंधनकारक आहे. त्यांच्याबरोबर मोजक्या नर्सेस. दवाखाना छोटा, पण ईसीजी, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र), व्हेंटिलेटर असतं. रक्ताची चाचणी मशीनला लावणं आणि औषधं देणं ही कामं बऱ्याचदा नर्सच करते, मावशी-मामा हाताशी नसतात. रात्री दोनला सत्तर वर्षांच्या प्रवाशाची छाती दुखते आणि बंदर चौदा तासांवर असतं. दहा मिनिटांत ईसीजी, शिरेत सुई, रक्ताची चाचणी, मॉनिटर. पेशंट बरा करायचा नसतो, किनाऱ्यापर्यंत टिकवायचा असतो. लाटांवर ड्रॉवर उघडून पडतात आणि खाटेची चाकं लॉक नसतील तर खाटही सरकते. गुरुत्वाकर्षणाच्या ड्रिपवर विसंबू नका, पंप लावा.

बाकी वेळ सकाळ-संध्याकाळ कामगारांची ओपीडी. तिथे सर्वात जास्त डोकं खातं ते जुलाब-उलट्यांचं. स्वयंपाकघरातला मुलगा सुट्टी कापली जाईल या भीतीने जुलाब लपवतो आणि नोरोव्हायरस पसरतो. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर अन्न हाताळणाऱ्याला लक्षणं थांबल्यावरही 48 तास वेगळं ठेवावं लागतं. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं.

म्हणून मिरजेत ऑर्थो, सर्जरी किंवा बालरोग वॉर्ड काढलेल्या सिस्टरला धर्मादाय जहाज सोपं जाईल, आणि आयसीयू किंवा कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला क्रूझ. उलट गेलात तर पहिला महिना जड जातो. क्रूझवाले एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या तातडीच्या उपचारांचा कोर्स) मागतातच.

कागद दोन्हीकडे वेगळे. क्रूझसाठी इंडोस नंबर (खलाशांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक), सीडीसी (जहाजावरच्या नोकरीची नोंदवही), एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांतले मूलभूत सुरक्षा कोर्स, डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याने मान्य केलेल्या डॉक्टरांची तपासणी, आणि अमेरिकेकडचं जहाज असेल तर सी-वन-डी हा जहाज कर्मचाऱ्यांचा व्हिसा. कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतूनच करा. धर्मादाय जहाजासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची रजिस्ट्रेशन मुदतीत असलेली, अनुभवाचे दाखले, वरिष्ठांची शिफारस आणि इंग्रजीतली मुलाखत. अर्ज थेट संस्थेकडे करायचा, मध्ये एजंट असतच नाही. विमानभाडं, विमा, लसी स्वतःच्या खर्चाने. राहण्या-जेवणाचा हिस्सा भरावा लागतो का, ते त्या वर्षापुरतं लेखी मागा. बरेचजण गावातल्या मंडळाकडून, जुन्या बॅचकडून वर्गणी जमवतात, त्यात कमीपणा काही नाही.

पैशाची फसवणूक होते ती इथेच. क्रूझच्या नोकरीसाठी भरती शुल्क घेणं सागरी कामगार करारात मना आहे. स्वतः भरायचं ते पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखल्यापुरतं. व्हिसाचा खर्च मालकाचा. एजंटकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल (जहाजावर भरती करण्याचा) परवाना आहे का ते त्यांच्या वेबसाइटवरच्या यादीत बघा, फोटोत दाखवलेल्या कागदावर नाही. ‘चॅरिटी जहाज, पगार चांगला, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ असं कोणी म्हणालं तर तिन्ही गोष्टी एकत्र असूच शकत नाहीत.

पिवळ्या तापाची लस पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. दाखला आता आयुष्यभर चालतो, पण तो सरकारमान्य केंद्राचाच हवा. लस घरच्या डॉक्टरांकडे मिळत नाही, तेव्हा पुण्या-मुंबईच्या हेलपाट्याचा दिवस धरून ठेवा. दाखल्याशिवाय सिएरा लिओनहून परतलात तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन दिलं तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचं. घरी आलो म्हणून गोळ्या बंद केल्या की ताप गाठतो. सरकारी नोकरीत असाल तर परदेशी जाण्याची परवानगी आणि रजा तिकिटाआधी, लेखी.

आणि हेच काम कमी खर्चात करायचं असेल तर जहाजच लागतं असं नाही. 1991 पासून आपल्याकडे लाईफलाईन एक्सप्रेस ही हॉस्पिटल रेल्वे चालते. गाडी एखाद्या स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर उभी राहते आणि डब्यातल्या ओटीत मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, कानाच्या शस्त्रक्रिया होतात. आसामात ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर बोट क्लिनिक जातात, त्यात एएनएम-जीएनएम सिस्टर्सच गावोगावच्या लसी आणि गरोदर बायकांची तपासणी करतात. तिथे मात्र बोट खरंच हलते.