इशापूरची २ए१: ७.६२ की .३०८, आणि हा गोंधळ आला कुठून

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्याला ज्याला पहिली सरप्लस, म्हणजे सैन्याने निकालात काढलेली रायफल घ्यायची हुक्की येते तो फिरून फिरून इशापूरवर, म्हणजे बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या २ए१ वर येतोच, आणि कारण अगदी साधं आहे. टेबलावर मांडलेल्या दहा तेलकट रायफलींपैकी एकीच्या बट-सॉकेटवरचं (जिथे लाकडी दस्ता बसतो त्या लोखंडी कड्यावरचं) ग्रीस अंगठ्याने पुसलं की खालून अशोकस्तंभाचे सिंह वर येतात, त्याखाली आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर), ७.६२, २ए१ आणि वर्ष, माझ्या वेळी १९६६ होतं, आणि मग भाव करायचं भान राहत नाही. विकणारा म्हातारा मात्र प्रामाणिक होता. म्हणाला घे, पण ही .३०३ची ७.६२ केलेली आहे, दुकानातली .३०८ हिच्यात घालू नकोस, तोंडावर फुटेल. (.३०३ हे जुनं ब्रिटिश काडतूस, ७.६२ लष्करी, .३०८ दुकानात मिळणारं नागरी.) त्या एका वाक्यात दोन चुका आहेत, त्यातली एक साफ खोटी आणि दुसरी अर्धी खरी, आणि अर्धी खरी असल्यामुळेच ती पन्नास वर्षं जगलीय.

इशापूरची मूळ म्हणजे ली-एनफिल्ड, ब्रिटिश फौजेची .३०३ रायफल; तिचा सगळा इतिहास इथे सांगत बसत नाही. १९०७चं मार्क थ्री मॉडेल, पहिल्या महायुद्धात त्याचं थोडं स्वस्त केलेलं रूप, दुसऱ्यात ब्रिटिश नंबर फोर या नव्या मॉडेलवर गेले आणि बंगालमधला इशापूरचा कारखाना जुन्यावरच राहिला, मशिनरी त्याचीच होती आणि हातही त्यालाच सरावलेले. म्हणून स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे तीच रायफल बनत राहिली. पोलिसांच्या खांद्यावर ती तर २००८ मध्येही होती, सीएसटीवर त्या रात्री काय झालं ते सगळ्यांना माहितीये, आणि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताक दिनाला.

खरी गोष्ट सुरू होते साठच्या दशकात. ७.६२ मिमी हे नाटोचं काडतूस आपल्याकडे घेतलं गेलं, सेल्फ-लोडिंग रायफल आली, पण ती पुरेशी बनेपर्यंत वेळ लागणार होता आणि १९६२च्या चीन युद्धाने वेळ नाही हे दाखवून दिलं होतं. मागच्या फळीसाठी, राखीव दलांसाठी काहीतरी हवं, आणि ते नव्याच काडतुसावर चालायला हवं म्हणजे दोन दोन प्रकारचा दारूगोळा वाहायला नको. म्हणून मग ओळखीच्याच रायफलीचा साचा घेऊन ती ७.६२ साठी बनवली, आधी २ए, मग १९६५च्या सुमाराला २ए१. दोघींतला फरक मुख्यतः मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या पट्टीचा, २ए वर अंतराचे आकडे २००० पर्यंत होते, २ए१ वर ८०० ला थांबले, जे जास्त शहाणपणाचं आहे कारण उघड्या साइटने २००० वर कोण काय टिपणार.

हे महत्त्वाचं आहे: २ए१ ही *बदललेली* .३०३ नाहीये, नव्याने बनवलेली आहे. आणि नुसती नळी बदलून भागलंही नसतं. .३०३च्या पुंगळीला (काडतुसाच्या पितळी नळकांड्याला) बुडाशी बाहेर आलेली कड असते, ७.६२ला ती कड नसते, तिथे नुसती खाच असते. म्हणजे पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर वेगळा, मॅगझिन वेगळं (ते चौकोनी, १२ गोळ्यांचं डबडं लांबूनच ओळखू येतं), आणि सगळ्यात मोठं म्हणजे काडतूस चेंबरमध्ये टेकतं कुठे ते वेगळं. .३०३ टेकते त्या कडेवर. ७.६२ टेकते खांद्यावर, म्हणजे पुंगळी जिथे निमुळती होते तिथे. शिवाय जुन्या पोलादावर ७.६२चा दाब द्यायला नको म्हणून इशापूरने बॉडीचं पोलाद सुधारलं.

आता .३०८.

दुकानात जे .३०८ विंचेस्टर मिळतं ते १९५२ साली बाजारात आलं, नाटोने ७.६२ ठरवायच्याही आधी, आणि दोघांचं बाहेरचं माप जवळजवळ तेच. मग भानगड कुठे? कागदावर. कुठल्याही तक्त्यात बघा, .३०८चा कमाल दाब ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) लिहिलेला असतो आणि जुन्या लष्करी पुस्तिकेत ७.६२चा ५०,००० पीएसआय. बारा हजारांचा फरक! साहजिकच कोणीही म्हणेल की नागरी काडतूस जास्त कडक आहे, लष्करी रायफलीत घालू नका. पण हे दोन आकडे एकाच तराजूवर तोललेलेच नाहीत. पूर्वी दाब मोजायचे तांब्याने. चाचणीच्या नळीला भोक, त्यात दट्ट्या, दट्ट्यावर तांब्याची इवलीशी कांडी, गोळी झाडली की कांडी चेपते, किती चेपली ते मोजायचं आणि कोष्टकात बघायचं. त्या उत्तराला बरीच वर्षं बिनदिक्कत पीएसआयच म्हणायचे. पुढे विजेवर चालणारे पिझो सेन्सर आले आणि त्यांनी दाखवलं की तांबं चेपायला वेळ घेतं, दाबाचं टोक त्याला कळतच नाही, खरा आकडा वर असतो. मग तांब्याच्या आकड्यांना वेगळं नाव पडलं, पण जुन्या पुस्तिका कोण परत छापतो.

आता एकाच तराजूवर ठेवा. तांब्याने मोजलं तर .३०८ साधारण ५२,००० आणि ७.६२ ५०,०००. सेन्सरने मोजलं तर ७.६२ची नाटोची मर्यादा ४१५ मेगापास्कल, म्हणजे ६०,००० पीएसआयच्या जरासं वर, आणि .३०८ची युरोपातली मर्यादा? तीच, ४१५. बारा हजारांचा राक्षस असा उन्हात धरला की विरघळतो. या एका छापील चुकीने किती लोकांनी चांगल्या रायफली कवडीमोल विकल्या असतील देव जाणे, आणि हे फक्त इशापूरचंच नाही, ७.६२ केलेल्या स्पॅनिश माउझरबद्दलही शब्दाला शब्द हीच अफवा फिरते.

बरं, मी अर्धं खरं म्हणालो ते कशामुळे, तर हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतची लांबी. लष्करी चेंबर मुद्दाम सैल ठेवतात, चिखलात माखलेलं काडतूसही बसलं पाहिजे म्हणून. .३०८ची गेजं अशी आहेत: गो (किमान) १.६३० इंच, नो-गो (नव्या चेंबरची कमाल) १.६३४, फील्ड (वापरातल्या रायफलीची कमाल) १.६३८. लष्करी ७.६२ला याच्याही पुढे, १.६४५५ पर्यंत मुभा असते, कारण लष्करी पुंगळीचं पितळ जाड असतं, ते ताण सोसतं. दुकानी .३०८चं पितळ पातळ. सैल चेंबरमध्ये ते पुढे ताणलं जातं आणि बुडाच्या जरा वर एक चकचकीत गोल रेघ दिसायला लागते. ती दिसली की थांबायचं, पुढची पायरी म्हणजे पुंगळी तिथून फाटणं. म्हणजे प्रश्न दाबाचा नाही, लांबीचा आहे, आणि लांबी चाळीस डॉलरच्या गेजने कुठलाही गनस्मिथ पाच मिनिटांत सांगतो. त्यात एनफिल्डचे लग्ज, म्हणजे बोल्टला अडवून धरणारे उंचवटे, बोल्टच्या मागच्या बाजूला, त्यामुळे बोल्ट माउझरपेक्षा जरा लवतो, हेही खरं. पण ब्रिटिशांनी स्वतः नंबर फोर ७.६२ करून १९७० पासून स्नायपरांच्या हातात दिली आणि ती फॉकलंडच्या युद्धातही होती, ते कोणी काढत नाही. ब्रिटनने केलं तर इंजिनीअरिंग, इशापूरने केलं तर जुगाड. असो. मी स्वतः हेडस्पेस तपासून १४७ ग्रेनची साधी बॉल (लष्करी धर्तीची गोळी) वापरतो, जड गोळ्यांचे कडक लोड घालत नाही, ते भीतीने नाही, रायफलीचं वय बघून.

ही रायफल अमेरिकेत टेबलावर आली कशी हा वेगळाच किस्सा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातला माल पोत्याने इथे यायचा, पंधरा-वीस डॉलरला रायफल, मासिकातलं कूपन भरा, पोस्टाने घरी. इथल्या कारखानदारांना ते खुपत होतंच. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने ही आयात थांबवायचं विधेयकही आणलं होतं, त्याच्या राज्यात बंदुकांचे कारखाने होते. तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९६३ मध्ये डॅलसला त्याला मारलं ते कॅटलॉगमधून मागवलेल्या इटालियन सरप्लस रायफलीने, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट. १९६८च्या कायद्याने पोस्टाचा धंदा आणि लष्करी सरप्लसची आयात दोन्ही बंद. १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य हत्यारांपुरतं दार परत किलकिलं झालं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रशिया, चीन, तुर्कस्तान, भारत सगळीकडून पेट्या आल्या. तेव्हा आलेल्या मालावर आयातदाराचा बारीक शिक्का असतो, बहुतेक वेळा नळीवर, तो बघून नाक मुरडू नका. ५० वर्षं झाली की मूळ रूपातली रायफल संग्राह्य वर्गात मोडते, म्हणून साठच्या दशकातल्या २ए१ आता त्यात आहेत, ३० डॉलर भरून तीन वर्षांचं संग्राहकाचं लायसन्स काढलं की परराज्यातून थेट घरी मागवता येते, राज्याचा कायदा आडवा येत नसेल तर. एच-वनवाल्यांनी मात्र आधी नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक घ्यायला काय जवळ बाळगायलाही फेडरल मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डला ती अडचण नाही.

भारतात हा छंदच नाही याचं कारणही याच इतिहासात आहे. .३०३ तिथे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेलं, सामान्य माणसाला लायसन्सवर मिळते ती .३१५, तीही सरकारी कारखान्यात एनफिल्डच्याच ॲक्शनवर बनलेली, फक्त काडतूस लष्करी नाही. आणि घेताना एक फसगत टाळा, पोलिसांसाठी आणि पहाऱ्यासाठी .३०३ आतून गुळगुळीत करून .४१० मस्केट बनवल्या होत्या, त्याही इथे आल्यात. बाहेरून डिट्टो. नळीत बघा, आत रायफलिंगचे पीळ नसले तर ती मस्केट आहे, तिच्यात .३०३ची गोळी घालायची नाही.

आता सफाई, जी खरं तर पहिल्या आठवड्यातलं ऐंशी टक्के काम आहे. ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली त्यांना फुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदी सांगायला नको, आम्ही .२२ वर तास तास ते ओढलंय आणि उस्ताद नळीत डोळा घालून म्हणायचे, अजून घाण आहे. पण तिथे कोणी सांगितलं नव्हतं की घाण म्हणजे नक्की काय. जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ, हवेतलं पाणी ओढतो आणि एका दमट रात्रीत नळीला गंज चढवतो. आधी लोकांना वाटायचं की बारुदातलं आम्ल पोलाद खातंय, मीठ हे खरं कारण १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कुठे सिद्ध झालं. ब्रिटिश फौजेत त्याआधीपासूनच उकळतं पाणी ओतायची पद्धत होती, त्यासाठी एनफिल्डला बसणारं खास नरसाळं द्यायचे. कारण माहीत नव्हतं, उपाय बरोबर होता. .३०३ घेतलीत आणि खडकीच्या कारखान्याचा के.एफ. शिक्का असलेली जुनी काडतुसं हाती लागली (पुण्याचा माणूस ती सोडणार थोडीच) तर ती क्लोरेटचीच आहेत असं धरून चला.

इथे लोक काच पुसायचा निळा स्प्रे मारतात, त्यातला अमोनिया म्हणे मीठ मारतो. अमोनिया काही मारत नाही, स्प्रेमधलं पाणी मीठ विरघळवतं. मग साधं पाणीच घ्या ना, चहाची किटली भरून. बोल्ट काढायचा (हँडल वर, मागे पूर्ण ओढून बोल्टचं डोकं वर फिरवलं की सुटतो), चेंबरच्या बाजूने ओतायचं, मजलकडून (नळीच्या तोंडाकडून) पहिलं पाणी काळपट राखाडी येतं, तिसऱ्या किटलीला स्वच्छ. नळी इतकी तापते की हात लावता येत नाही, त्यामुळे आतलं पाणी आपोआप उडतं, मग कोरडी चिंदी, मग तेलाची. सफाईचा गजही मागूनच घाला. जुन्या रायफलींच्या मजलला आत एका बाजूला दोरीने खाल्लेली खाच असते, फुलथ्रू वर्षानुवर्षं तिरका ओढल्याचा तो परिणाम, गोळी नेमकी तिथून सुटताना बिघडते. विकत घेताना टॉर्च मारून हे आधी बघायचं.

ग्रीस काढायला मिनरल स्पिरिट आणि जुना टूथब्रश. लाकडात मुरलेलं ग्रीस काढायला दस्ता काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा, घाम फुटल्यासारखं बाहेर येतं, पुसा, परत ठेवा, चार-पाच दुपारी जातात. सँडपेपर लावू नका. लाकडावरचे शिक्के गेले की निम्मी किंमत गेली. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू दिसेल, तो कोणी केलेली दुरुस्ती समजून काढू नका, लाकूड फाटू नये म्हणून इशापूरनेच घातलेला आहे. शेवटी कच्चं जवसाचं तेल, तळव्याने चोळून, आठवड्यातून एकदा, दोन-तीन महिने. आणि त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकायच्या नाहीत, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेट घेतो. माझ्याकडे त्या कुंपणावर एकेक सुट्या वाळत असतात, शेजारीण विचारते रोज कसलं धुणं आहे.