टाचदुखीवरील सूक्ष्मछेद शस्त्रक्रिया

तळपायाची कमान ताणून धरणारी जाड पट्टी, म्हणजे प्लांटर फॅशिया, टाचेजवळ ३ ते ५ मिमी छेदातून अंशतः कापून सैल करण्याची शस्त्रक्रिया. सकाळी उठल्यावर टाकलेले पहिले पाऊल ठणकते, चार पावलांनी बरे वाटते आणि दिवसभर कापूस वेचून झाला की टाच पुन्हा दुखू लागते, ही या दुखण्याची ओळख. गावाकडे त्याला सरसकट ‘हाड वाढलं’ म्हणतात. एक्स-रेत टाचेखाली दिसणारे ते टोक न दुखणाऱ्या टाचांतही सापडते. ते घासून काढल्याने दुखणे जाईलच असे नाही. खरी जागा टाचेच्या तळाला, आतल्या कडेशी असते. तिथे अंगठ्याने दाबले की रोगी पाय ओढून घेतो.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही. पोटरी व तळपाय ताणण्याचे व्यायाम रोज दोन-तीन वेळा, वावरात अनवाणी न जाणे आणि मऊ तळाची चप्पल एवढ्यावर बहुतेक टाचा वर्षभरात शांत होतात. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी देतात ती एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल इथेही चालते. स्टेरॉईडची सुई वारंवार घेऊ नये. पट्टी तुटते, टाचेखालची चरबीची गादी विरते. सहा ते बारा महिने हे सारे नेटाने करूनही दुखणे हटले नाही, तरच छेदाचा विचार. त्याआधी रक्तातील साखर आणि पावलाची नाडी तपासतात. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो; तिथे पट्टी कापून उपयोग नाही.

आतल्या घोट्यामागे लिग्नोकेन देऊन टाच बधिर करतात. बोटे वर खेचली की पट्टी दोरीसारखी ताठ होते. आतल्या बाजूने बारीक पाते सरकवून तिचा आतला तिसरा हिस्सा, फार तर निम्मा भाग कापतात. तंतू सुटताना बोटाखालची दोरी सैल पडल्याचे कळते. नंतर एक टाका आणि दाबपट्टी. सारे काम १५-२० मिनिटांचे.

लोभाने पूर्ण पट्टी कापली तर कमान खचते आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला नवेच दुखणे सुरू होते. पाते भलत्या ठिकाणी गेले तर शेजारची नस दुखावून टाच बधिर राहते. कातडीवरची चीर लहान दिसते म्हणून लोक आठवड्यात कामाला लागतात, हीच मोठी चूक; आतली पट्टी भरायला कितीतरी आठवडे लागतात. टाका साधारण दोन आठवड्यांनी काढतात, तोवर पाय कोरडा ठेवावा लागतो. पहिले दोन-तीन आठवडे कडक तळाचे पादत्राण, आणि निंदण, डवरणी किंवा ओझे उचलणे निदान सहा आठवडे बंद. म्हणून कापसाची वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया करून घेणे सोयीचे. जूनच्या पेरणीत काळ्या मातीचा चिखल घोट्यापर्यंत चिकटतो आणि न भरलेल्या चिरेत पू होतो.