गोदावरीतील मासळी व रासायनिक प्रदूषके

पाणी, गाळ व अन्नसाखळी यांतून माशाच्या शरीरात साठणारे जड धातू, कीटकनाशके व औद्योगिक संयुगे. ही नोंद गंगापूर धरण ते नांदूर मध्यमेश्वर या टप्प्यापुरती आहे. सातपूर–अंबड औद्योगिक वसाहतींकडून येणारी नासर्डी (नंदिनी) टाकळीजवळ गोदावरीस मिळते. पुढे दारणा येते. नाशिक शहराचे सांडपाणी व द्राक्षबागांतील फवारणीचा निचराही याच पात्रात उतरतो.

धातूंच्या उगमाविषयी मतभेद आहेत. खोरे दख्खनच्या बेसाल्टचे असल्याने तांबे, क्रोमियम, निकेल व व्हॅनेडियम गाळात मुळातच बऱ्यापैकी असतात. म्हणून एक मत खडकाच्या झिजेवर भर देते. दुसरे मत धातूंवर मुलामा चढवणारे कारखाने, सांडपाणी व बागांतील बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुना) यांकडे बोट दाखवते. नुसत्या एकूण प्रमाणावरून निवाडा होत नाही. धातू बारीक कणांना अधिक चिकटतो, म्हणून गाळाचा ६३ मायक्रोमीटरखालचा भाग घेऊन धातूचे, मुख्यतः खडकातूनच येणाऱ्या ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढतात व ते शहराच्या वरच्या अंगाच्या गाळाशी ताडतात. कॅडमियम, शिसे व पारा बेसाल्टमध्ये अत्यल्प असतात. नासर्डीच्या संगमाखाली त्यांचे गुणोत्तर चढलेले आढळल्यास खडकाचे कारण पुरत नाही. तांबे व क्रोमियम यांबाबत मिश्र उगम मानणे अधिक सयुक्तिक. पाणवेली काही धातू शोषतात, पण त्या पात्रातच कुजल्या तर तो भार पुन्हा गाळात जातो. शिवाय प्राणवायूविरहित गाळात जिवाणू पाऱ्याचे अधिक घातक मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात.

मिथिल पारा मांसातील प्रथिनांना बांधला जातो. कातडी काढून, धुऊन वा शिजवून तो जात नाही. उलट पाणी आटल्याने दर ग्रॅममागे वाढतो. मरळ, वाम यांसारख्या मांसाहारी व मोठ्या, वयस्क माशांत तो अधिक असतो. कॅडमियम यकृत व मूत्रपिंडात, शिसे हाडे व कल्ल्यांत साठते. म्हणून कल्ले व आतडी-काळीज रश्श्यात घालू नयेत. डीडीटीसारखी संयुगे चरबीत राहतात. कातडी व पोटाकडची चरबी काढून, भाजताना गळणारे तेल टाकल्यास ती घटतात. तळाशी चरणाऱ्या मृगळ व चिलापीच्या पोटात गाळ असतो. त्यांचे पोट नीट साफ करणे महत्त्वाचे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये गर्भाच्या रक्षणार्थ मिथिल पाऱ्याची साप्ताहिक मर्यादा शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली. ६० किलोच्या स्त्रीस ती ९६ मायक्रोग्रॅम होते. मासळीत किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम मिथिल पारा असल्यास आठवड्याला सुमारे ३८० ग्रॅम मासळीत ती गाठली जाते. संगमाखालची मासळी रोज खाणाऱ्या मच्छीमार कुटुंबांतील गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना ही मर्यादा आधी लागू पडते. त्यांना माशाची प्रथिने तोडून चालत नाहीत, म्हणून गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाची लहान, शाकाहारी मासळी सुचवणे योग्य.

तपासणीत मासा, त्याची लांबी व पकडल्याचे ठिकाण नोंदवून पाठीचे कातडीविरहित मांस घेतात. ताज्या मांसात ७५–८० टक्के पाणी असते; सुक्या वजनावरचा आकडा त्यामुळे चार-पाच पट मोठा दिसतो. तो ओल्या वजनाच्या मर्यादेशी ताडणे ही अनेक अहवालांतली चूक आहे.

पहिल्या पावसात मासे मरून तरंगतात ते बहुधा प्राणवायू घटल्याने, साठलेल्या धातूंमुळे नव्हे. तरी अशी मासळी विकू वा खाऊ नये.