थंड डिस्क, ओला रस्ता आणि पहिला ब्रेक

म्हापशात किंवा मडगावात एखाद्याची स्पोर्ट्स कार ब्रेक पॅड बदलायला आली की कुणीतरी हमखास सुचवतं, "रेसिंगचे टाका." गाडी वेगवान, तर पॅडही शर्यतीचेच हवेत, हे ऐकायला पटतं. मला मात्र रस्त्यावरच्या गाडीसाठी हा सल्ला धोक्याचा वाटतो. का, ते पॅड कशाचे बनतात आणि किती तापतात हे पाहिलं की कळतं.

चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून ब्रेक गाडीच्या गतीचं उष्णतेत रूपांतर करतो. १४०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे ५.४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. त्याच गाडीत ताशी ६० च्या वेगाला ती १.९ लाख असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. यातला ७० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो असं धरलं आणि पुढच्या दोन डिस्क मिळून १६ किलोच्या असल्या, तर १०० वरून एकदा थांबल्यावर त्या साधारण ५० अंशांनी तापतात. रस्त्यावर असे ब्रेक एकामागून एक क्वचितच लागतात. शर्यतीच्या ट्रॅकवर दर वळणाला लागतात, आणि डिस्कला निवायला वेळच मिळत नाही.

पॅड म्हणजे रेझिनने, म्हणजे कडक होणाऱ्या राळेसारख्या पदार्थाने, बांधलेलं मिश्रण. त्यात तंतू, धातूची भुकटी, ग्रॅफाइट, घर्षण वाढवणारे कठीण कण असं बरंच काही असतं. ही विद्या सुरू झाली ती चामड्यापासून. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने निघाल्या. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पुढे बराच काळ ॲस्बेस्टॉसचं राज्य होतं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचं सिद्ध झाल्यावर ऑरगॅनिक (मुख्यतः अधातू तंतूंचे), सेमी-मेटॅलिक (लोखंडी तंतू भरपूर असलेले) आणि सिरॅमिक (सिरॅमिक तंतूंचे) असे आजचे प्रकार रुळले.

शर्यतीच्या पॅडचं मिश्रण काहीशे अंशांवर पकड टिकवण्यासाठी बांधलेलं असतं. अशा अनेक पॅडची थंडपणी पकड मात्र कमी असते. शिवाय थंड असताना ते डिस्क खरवडतात, किंचाळतात आणि काळी धूळ उडवतात. कोईम्बतूरच्या करी स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर हे सगळं सोसण्यासारखं आहे. पण पणजीत सकाळी गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच नाक्यावर समोर स्कूटर आली, तर त्या क्षणी डिस्क जेमतेम तीसेक अंशांवर असते. पॅड निवडायचा तो या पहिल्या ब्रेकसाठी, असं माझं ठाम मत आहे.

गोव्यात याला पावसाची जोड मिळते. जून ते सप्टेंबर डिस्क सतत ओली असते. पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत पकड उशिरा मिळते, आणि थंडपणी कच्चा असलेला पॅड तो उशीर आणखी वाढवतो. दोना पावल, मिरामार भागात खारी हवाही आहे. बिडाच्या डिस्कवर रात्रीत तांबूस गंज चढतो. तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, पण लोखंडी तंतू भरपूर असलेला पॅड उभ्या गाडीत डिस्कला चिकटून बसू शकतो. गाडी आठवडाभर झाकून ठेवणाऱ्यांनी सिरॅमिक किंवा चांगल्या ऑरगॅनिक पॅडचा विचार आधी करावा. सिरॅमिक पॅड आणि कार्बन-सिरॅमिक डिस्क या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. महागड्या गाडीत तशी डिस्क असेल, तर तिच्यासाठी बनवलेलेच पॅड घ्यायचे.

बेळगावकडे जाणाऱ्यांची अडचण खरी आहे. चोर्ला घाट उतरून साखळीला येताना समजा ५०० मीटर उंची खाली आलो, तर त्याच गाडीची जवळपास ६९ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. म्हणजे ताशी १०० वरून सुमारे तेरा वेळा थांबण्याइतकी. यातली काही हवेचा रोध खातो. खालच्या गिअरमध्ये राहिलात तर बरीचशी इंजिन खातं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ती सगळी पॅडच्या वाट्याला येते. घाट नेहमीचा असेल, तर चांगल्या कंपनीचे 'फास्ट रोड' वर्गातले पॅड योग्य. ते थंडपणीही पकडतात आणि साध्या पॅडपेक्षा जास्त ताप सोसतात.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर बहुधा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं रोजच्या तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यानंतरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफएफ' किंवा 'जीजी' असेल तर तापल्यावर पकड त्याच पट्ट्यात राहते. 'जीई' असेल तर घाटात ती घसरते. ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर होते, म्हणून अक्षरांवरून ढोबळ अंदाजच घ्यावा. युरोपच्या 'आर ९०' नियमाची खूण असेल तर अधिक विश्वास ठेवता येतो, कारण त्यात पॅडची तुलना मूळ पॅडशी केलेली असते.

जोरात पेडल दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरत असेल, तर पॅड त्याचं काम पुरेपूर करतोय. तिथून पुढे गाडी किती अंतरात थांबेल ते टायर आणि रस्ता ठरवतात. गुळगुळीत झालेले टायर तसेच ठेवून पॅडवर पैसे घालणाऱ्यांबद्दल मला खरंच काळजी वाटते. फक्त मागचे पॅड जास्त पकडीचे टाकणं त्याहून वाईट. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो आणि ओल्या वळणावर गाडीची शेपूट सुटू शकते.

नवे पॅड सेट करावे लागतात. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर मध्यम जोराने वेग बराच खाली आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं काही वेळा करून मग ब्रेक न लावता गाडी निवू द्यायची. यात डिस्कवर पॅडच्याच पदार्थाचा पातळ, एकसारखा थर बसतो. तापलेला पॅड दाबून गाडी उभी ठेवली तर त्या जागी जाड ठसा उमटतो आणि पुढे स्टीअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये "डिस्क बेंड झाली" म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

पॅड बदलताना ब्रेक ऑइलही पाहावं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या दमट किनाऱ्यावर शोषायला काही कमी नाही. 'डॉट ४' दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येऊ शकते. घाटात पेडल कडक राहूनही गाडी थांबेना, तर पॅड तापून रेझिनचा वायू सुटू लागला आहे. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर ऑइल उकळलं आहे. दोन्ही वेळा गिअर उतरवून, सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यायचे. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं. त्यात 'डॉट ५.१' चालतं, पण 'डॉट ५' सिलिकॉनचं असतं, ते मिसळू नये.